पाकीट उघडण्याची वेळ

शहादा
१० फेब्रुवारी २०२५

चि. दीपमालेस हेमकांतमामाचे आशीर्वाद.

तुझा निरोप मामीच्या फोनवर पोचला. "मामा एक पत्रिका पाहतील का? मैत्रिणीसाठी हवी आहे." तेहतीस वर्षांची भाची मैत्रिणीसाठी पत्रिका विचारते तेव्हा मैत्रिणीचं नाव विचारायचं नसतं, एवढं संस्कृतच्या मास्तरालाही कळतं. तुझ्या चारुलतामामीने तर निरोप पुरता वाचलाही नाही. "पोरगी कोठेतरी अटकनी," एवढं म्हणून ती पोळ्या लाटायला गेली.

माझा फोन टेबलाच्या खणात बंद असतो. अज्ञातवासात पांडवांनी शमीवर शस्त्रं ठेवली होती, तसाच. फरक एवढाच की मला तो परत काढायचा नाही. तेव्हा पत्र लिही.

तू म्हणतेस की "त्या माणसाची" जन्मवेळ कोणालाच माहीत नाही. हरकत नाही. अशा वेळी आम्ही प्रश्नकुंडली मांडतो. विचारणाऱ्याने प्रश्न स्वतःच्या हाताने लिहायचा, पाकीट बंद करून पाठवायचं. मी ज्या क्षणी ते उघडीन तो प्रश्नाचा जन्म. त्या क्षणाचं आकाश मांडायचं आणि उत्तर वाचायचं. माझ्या गुरुजींचे दोनच नियम होते. पाकीट उघडण्याआधी आत काय आहे याचा विचार करायचा नाही. आणि एक प्रश्न दोनदा विचारायचा नाही.

तुझ्या पत्रिकेची मला भीती वाटत नाही. आजवर तुझी जी स्थळं मोडली त्यात एकदा मंगळ आडवा आला, बाकी वेळा मुलाच्या आईचं तोंड. मंगळाची शांत करता येते.

पाटलाचा पोरगा संस्कृत शिकून गावी आला तेव्हा तुझे वडील नवलराव ब्राह्मणपुरीच्या पारावर म्हणाले होते, "आमना साला बामण हुई ग्या, आते वावर कोन करी?" वावर कोणी केलं ते सोड. पण तेच नवलराव आज बैल घ्यायलाही मला दिवस विचारतात. म्हणून म्हणतो, प्रश्न जपून लिही.

तुझा
हेमकांतमामा

·

मोलगी
२० फेब्रुवारी

ती. मामांना दीपमालाचा नमस्कार.

मैत्रीण मीच आहे. मामींना सांगा, त्या जिंकल्या.

मागच्या आषाढात माझी इथे दवाखान्यात बदली झाली तेव्हा बाबा म्हणाले होते, "सहा महिनामा परत ली येसू." आता मलाच परत यायचं नाही. औषधांच्या खिडकीतून मी गोळ्या देते, आणि सकाळी लशींचा डबा खांद्याला लावून पाड्यांवर जाणारा एक माणूस आहे. दिनेश. काठी गावचा. पावसाळ्यात ओढा चढला म्हणून डबा डोक्यावर घेऊन छातीएवढ्या पाण्यातून आला आणि मला म्हणाला, "मॅडम, बर्फ मोजून घ्या, मला नका मोजू." तिथून सुरू झालं.

हे तुम्हाला सांगते, आईला अजून नाही. तो डोंगरातला आहे, पाटील नाही, हे बाबांपुढे कसं मांडायचं ते आम्ही दोघं रोज ठरवत होतो आणि रोज हसत होतो.

माघी पौर्णिमेपासून तो बदलला आहे. माझ्या हातचा चहा घेत नाही. खोलीच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. खुर्ची दिली तर जमिनीवर बसतो. अनवाणी फिरतो, पायाला चिरा पडल्यात. काय झालं विचारलं की हसतो आणि "होळीनंतर सांगतो" म्हणतो. परवा मी हात धरला तर त्याने हळूच सोडवून घेतला. रागाने नाही. मामा, रागाने सोडवला असता तर मी तुम्हाला लिहिलं नसतं.

माझा प्रश्न: दिनेश माझ्यापासून दूर जातो आहे का?

दीपमाला

·

शहादा
२७ फेब्रुवारी

चि. दीपमाला,

पाकीट काल महाशिवरात्रीला दिवे लागताना उघडलं. खिचडीचा साबुदाणा अजून भिजत होता. भुकेल्या माणसाने कुंडली मांडू नये असा ग्रंथात नियम नाही. असायला हवा होता.

सिंह लग्न आलं. सातवं घर जोडीदाराचं. त्यात शनी स्वतःच्या राशीत, म्हणजे माणूस शब्दाचा पक्का. इथवर वाचून हुरळू नकोस. शेजारी सूर्य आहे आणि त्याच्या तेजात शनी दिसेनासा झाला आहे, अस्तंगत म्हणतात तसा. सूर्य म्हणजे बाप. मुलगा घरच्यांच्या धाकात गेला आहे. चंद्र सहाव्यात, अमावास्येच्या तोंडावर. ते तुझं मन.

आता तुझीच लक्षणं ताडून पाहा. अनवाणी फिरतो: पाय शनीच्या अंमलाखाली. जमिनीवर बसतो: शनी. खाणंपिणं नको, स्पर्श नको: विरक्ती, पुन्हा शनीच. वर्षानुवर्षं कुंडल्या मांडतो आहे, पण माणूस ग्रहाला इतका तंतोतंत लागू पडलेला मी पाहिला नाही. मला वाईट वाटायच्या आधी, लाज वाटते सांगायला, आनंद झाला.

तो मागे फिरला आहे, पोरी. "होळीनंतर सांगतो" याचा अर्थ मला विचार. आठवीच्या वर्गात "सुट्टीनंतर गृहपाठ दाखवतो" म्हणणारे मी जन्मभर पाहिलेत. अडवू नकोस, जाब विचारू नकोस. तूच मोकळं कर, म्हणजे निदान मान राहील.

नियमाप्रमाणे हा प्रश्न संपला. पण शेवटच्या ओळीत तुझं अक्षर वाकडं गेलं आहे, ते मला रात्रभर दिसत राहिलं. मामी म्हणते, "तुम्हनं शास्त्र बरोबर व्हई, पन पोरगी आपली शे." तू पुन्हा विचारलंस तर मी नियम मोडीन. एवढंच लिहून ठेवतो.

हेमकांतमामा

·

मोलगी
५ मार्च

मामा,

हे पत्र शहाद्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे, म्हणजे उद्या तुमच्या हातात पडेल. पोस्टावर भरवसा ठेवण्याइतका वेळ नाही, आणि मामींच्या फोनवर बोलले तर गावभर होईल.

तुमचं वाचून मी दिनेशला म्हटलं, "मला कळलंय. तू जा, मी अडवणार नाही." तो पायरीवर बसून हसला. मग माझं तोंड पाहिलं आणि थांबला. मामा, तो नवसात आहे. काठीच्या होळीत जे अंगाला राखेचे ठिपके काढून, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून नाचतात, त्यांत तो यंदा आहे. नवस घेतला की अनवाणी राहायचं, खाटेवर बसायचं नाही, बाईच्या हातचं खायचं नाही, शिवायचंही नाही. आणि ज्याच्यासाठी नवस आहे त्याला तो सांगायचा नसतो. माझ्यासाठी होता. आमचं लग्न व्हावं म्हणून. माझ्या तोंडून "जा" ऐकलं म्हणून त्याला सांगावं लागलं.

मग त्याने विचारलं, "तुला कोणी सांगितलं मी चाललोय?" मी तुमचं नाव घेतलं. तो म्हणाला, "मामाला विचारलंस. ताऱ्यांना विचारलंस. मी इथेच होतो." आणि डबा खांद्याला लावून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं की त्याचे आईवडील, करमसिंगबाबा आणि रूपलीबाई, रविवारी सकाळी ब्राह्मणपुरीला आमच्या घरी येणार आहेत. होळीआधी बोलणी व्हावी अशी करमसिंगबाबांची इच्छा आहे. मुलीने मध्ये असायचं नाही म्हणून मी इथेच थांबणार. आईला मी कालच सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "भाऊले बलाव."

म्हणून तुम्हाला बोलावते. रविवारी सकाळी या. तुम्ही ओसरीवर बसलेले असलात की बाबा आवाज चढवत नाहीत. त्यांचा पहिला शब्द "पत्रिका" असेल. तेव्हा तुम्ही फक्त म्हणा, "मी पाहिली, चांगली आहे." तुमच्या शास्त्राला एवढं एक खोटं चालेल ना? मला दुसरं काही नको.

उत्तर लिहू नका. नुसते या.

दीपमाला

·

शहादा
१० मार्च, संध्याकाळ

चि. दीपमाला,

हे पत्र मी तुझं पाकीट उघडण्याआधी लिहायला घेतलं आहे. आयुष्यात पहिल्यांदाच लबाडी करतो आहे, तिला साक्षीदार असावा म्हणून.

तुझं पाकीट गुरुवारी कंडक्टरने घरपोच दिलं. हातात घेताच ओळखलं: दुसऱ्यांदा विचारते आहे. उघडावं असं बोटांना झालं. पण त्या घटकेला लग्न वाईट होतं. म्हटलं, गुरुजींचे दोन्ही नियम मोडायचेच, तर नीट मोडू. प्रश्नाचा जन्म माझ्या हातात आहे ना? मग त्याला चांगल्या वेळेवर जन्माला घालू. पंचांग घेऊन बसलो. आज सोमवार, एकादशी, पुष्य नक्षत्र, चंद्र स्वतःच्या राशीत. अंधार पडताच कन्या लग्न लागतं, आणि सातव्या घरात शुक्र उच्चीचा. जोडीदाराच्या घरात उच्चीचा शुक्र! यावर तुला जे उत्तर लिहीन ते वाचून तू पायरीवरच नाचशील.

तेव्हापासून पाकीट देवघरात आहे. मामी रोज टोमणा मारते, "ते पाकीट देवघरमा काय अंडा दी ऱ्हायनं का?" मी म्हणतो, उबवतो आहे. काल रविवारी तिने वांग्याचं भरीत केलं होतं, त्यातही माझं लक्ष नव्हतं, दोनदा वाढून घेतलं तेवढंच. नवसाला बसल्यासारखे दिवस काढले.

लग्न लागलं. उघडतो.

वाचलं.

प्रश्न नव्हताच.

रविवार काल होता. मी घरीच होतो, दीपमाला. इथून ब्राह्मणपुरी एका चहाच्या अंतरावर. मी घरीच होतो.

उद्या पहिल्या गाडीने हे पत्र देतो. मला लिही काय झालं. फोन खणातून काढला आहे, पण तो कसा सुरू करतात ते मामीला विचारायचं धाडस होत नाही.

हे.

·

मोलगी
१२ मार्च

मामा,

तुमचं पत्र मिळालं. शुक्र उच्चीचा होता हे वाचलं.

काय झालं ते आईने सांगितलं तसं लिहिते. करमसिंगबाबा पांढरा शर्ट, डोक्याला नवा फेटा बांधून आले. रूपलीबाईंनी टोपलीत आमचूर आणि मधाची बाटली आणली होती. बाबा वाईट वागले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्च्या दिल्या, आईने चांगल्या कपांतून चहा दिला. उसाचं, पपईचं, पाण्याचं बोलणं झालं. मग बाबा म्हणाले, "पाव्हना, आमनामा पत्रिकाशिवाय काम हुत नही. पत्रिका आनी का?"

करमसिंगबाबा म्हणाले, "पत्रिका नाही. पोरगा होळीत झाला. होळी पेटली तेव्हा."

"तारीख?"

"शाळेत एक जून लिहिलीय."

बाबा हसले. "एक जून ते अख्खा सातपुडानी तारीख शे."

आई दाराआडून म्हणाली, "थांबा ना जराखा, मन्हा भाऊ येत व्हई." तिने तुम्हाला फोन लावला. बंद होता. मामींचा नुसता वाजत राहिला. तुमचा बंदच असतो, म्हणून तिला वाटलं तुम्ही वाटेवर असाल. सगळे थांबले. चहा दुसऱ्यांदा झाला. रूपलीबाई दरवेळी रिक्षाचा आवाज आला की फाटकाकडे पाहत होत्या, असं आई सांगत होती.

शेवटी बाबा म्हणाले, "मन्हा साला ज्योतिषी शे. त्याले सगळं माहीत शे, तरी तो उना नही. आते यान्हावरथून काय ते समजी ल्या."

ते समजले. करमसिंगबाबा उठले, हात जोडले. टोपली रूपलीबाईंनी परत नेली नाही. आईने मधाची बाटली अजून उघडली नाही.

मामा, तुम्ही पत्रिका खोटी पाहिली असती तर एक वेळ चाललं असतं. तुमचं न येणंच पत्रिका झाली.

काल दिनेश खिडकीशी आला. बर्फ मोजून घेतला. म्हणाला, "तुझ्या मामाला कळवलं होतंस ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग तुझे बाबा म्हणाले ते खरंच असेल." मी तुमचं पाकिटाचं सगळं सांगणार होते. पण कसं सांगू? एक शहाणा माणूस पत्र समोर ठेवून चांगल्या वेळेची वाट पाहत बसला होता, हे ऐकून कोण विश्वास ठेवेल? मला सुद्धा तुम्ही लिहिलं म्हणून पटलं.

उद्या होळी. मी जाणार नाही. अक्कलकुव्याला शिबिराची ड्यूटी मागून घेतली आहे.

दीपमाला

·

शहादा
१७ मार्च

चि. दीपमाला,

हे वाचायला बसली असशील तर आधी चौथा परिच्छेद वाच. मास्तरची सवय आहे, प्रस्तावनेशिवाय लिहिता येत नाही.

मी काठीला गेलो होतो. होळीच्या रात्री. मामीला सांगितलं, प्रायश्चित्ताला जातो. ती म्हणाली, "चांगल्या चपला घाला." दर डोंगरावरून ढोल उतरत होते. मोरपिसांचे टोप आणि राखेचे ठिपके यांत मी दिनेशला शोधत होतो, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. ज्याची मी कुंडली वाचली होती, त्याचं तोंड ओळखत नव्हतो. पहाटे होळी पेटली, उंच दांडा जळत उभा होता, आणि माझ्याशेजारी उभा असलेला नवा फेटा म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शहाद्याचे ना? दीपमालाच्या आईसारखं नाक आहे तुमचं." ते करमसिंग.

मी सगळं सांगितलं. पाकीट, देवघर, पुष्य नक्षत्र, भरीत. रूपलीबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पत्र वाचायला पण वेळ चांगली लागते?" मी हो म्हणालो. त्यांनी मला भाकरी वाढली. इतकी जड भाकरी मी कधी खाल्ली नाही.

आता हे. करमसिंग म्हणाले, "आम्ही पुन्हा डोंगर उतरून येणार नाही. एकदा बोलणं परत आलं की आमच्याकडून वाट बंद. पण पोरगी स्वतः आली तर दार आहे. बापाची संमती नसली तरी आमच्यात चालतं." दिनेशला नर्मदेपलीकडच्या पाड्यांवर काम मिळालं आहे. पाडव्याच्या रविवारी तो निघेल. नाचून दमलेला, राखेने भरलेला, तो एवढंच बोलला, "मी तिला विचारायला नाही जाणार. जाताना दवाखान्यासमोर थांबेन. आली तर आली." मी म्हटलं, मी तिला सांगतो. तो हसला आणि म्हणाला, "पत्राने?" त्याचं हसणं तू लिहिलं होतंस तसंच आहे. बाहेर ये, पोरी. कोणालाही न विचारता. मलाही नाही.

परतताना मोलगीला उतरलो, तुझ्या खोलीला कुलूप होतं. एस.टी.त चढताना पाय मुरगळला आणि आता प्लास्टर घालून खाटेवर आहे, नाहीतर हे पत्र मीच झालो असतो. तुला फोन लावतो, तू उचलत नाहीस. तुझी आई जसोदा म्हणते, तिचाही उचलत नाहीस. तुझ्या रागाला मी दोष देत नाही.

शेवटी एक गोष्ट, जिला आता काही अर्थ नाही. होळी कोणत्या साली हे करमसिंगनी सांगितलं: थोरला इंद्रसिंग ज्या वर्षी शाळेत घातला, म्हणजे एक्क्याण्णव. आणि वेळ? होळी पेटली ती वेळ. अख्ख्या तालुक्यात एवढी चोख जन्मवेळ मला कोणी दिलेली नाही. इस्पितळात जन्मलेल्यांच्या वेळा परिचारिकेच्या चहावर अवलंबून असतात. मी पत्रिका मांडली. तुझ्याशी तीस गुण जुळतात. नवलरावांना दाखवायला पाठवली. निरोप आला, "वेळ तुम्हीच ठरवी ना? तुम्हले वेळ ठरवता येस, आख्खा गावले माहीत शे." मामीनेच तिच्या बहिणीला पाकिटाची गोष्ट सांगितली होती.

पाकिटावर लाल शाईने लिहितो आहे. ते वाच आणि ऐक.

हेमकांतमामा

·

मोलगी
१ एप्रिल

ती. मामा,

पाय कसा आहे? आईने कंडक्टरकडून प्लास्टरचं कळवलं. फार चालू नका.

तुमचं जाड पाकीट मागेच आलं. वर लाल शाईने "मिळताच उघड" लिहिलंय. औषधांच्या कपाटावर ठेवलंय. उघडलं नाही. रागाने नाही. आत तुम्ही माफी मागितली असेल, आणि ती वाचून मला तुम्हाला माफ करावं लागेल. त्याला अजून थोडा वेळ हवा होता. तुमचंच शिकले म्हणा. चांगली वेळ पाहते आहे.

इथे नवीन काही नाही. उन्हं वाढली, बर्फ लवकर वितळतो. लशींच्या डब्यावर नवीन माणूस आलाय, करमसिंगबाबांच्याच नात्यातला. रविवारी दिनेश गेला. नदीपलीकडे काम मिळालं म्हणतात, मला तो काही बोलला नाही. पाडव्याची सुट्टी होती, मी खोलीतच होते. खिडकीतून दिसला. दवाखान्यासमोर पिशवी खाली ठेवून उभा होता. पायात चप्पल होती. मला वाटलं जीप भरायची वाट पाहतोय. जीप भरली, गेली, तो तिथेच. दुसरी जीप आली. मी बाहेर जाणार होते, मामा. चप्पल घातलीसुद्धा होती. मग वाटलं, त्याला बोलायचं असतं तर त्याने हाक मारली असती.

मामींना नमस्कार. तुमचं पाकीट मी वाचीन. घाई नाही.

दीपमाला